गोलपोस्टमधली हाक

मुलींचं वसतिगृह, सोलापूर
१४ जुलै

दादा,

फोन तू उचलत न्हाईस. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंयस. आईच्या फोनवर लावला तर माझा आवाज ऐकला की "रेंज न्हाय" म्हणून ठेवतोस. माढ्यात रेंज नसती व्हय रं? म्हणून पत्र लिहितेय. टपाल ब्लॉक करायची सोय अजून निघाली न्हाय. पोस्टातल्या बाईनं पाकीट देताना विचारलं, "कुणाला गं?" म्हणलं, भावाला. तर म्हणती, "भांडलाय वाटतं." पोस्टाला बी कळतं, तुला कळत न्हाय.

फाडायचं असलं तर वाचून फाड. आन कॉलेजात शिकून बी मी असं लिहिते म्हणून नावं ठेवू नको. तुला लिहिताना मला शुद्ध सुचतच न्हाय.

दिवाळीत तू म्हणालास, "फुटबॉलच्या मैदानात पुन्हा पाय ठेवलास तर माझ्याशी बोलायचं न्हाय." मी ठेवला. तू शब्दाला जागलास. पुरे की आता! आई रोज विचारती, बोललात का. मी म्हणते, बोलंल गं. मला यंदा दोनच गोष्टी पायजेत, कप आन तू. कपाचं मी बघते.

आमचा संघ यंदा कसा हाय ते सांगते. तू विचारणार न्हाईस, पण ऐकायला तुझं कान टवकारलेलं असणार, ते मला म्हाईत हाय. गेल्या साली दोन सामने खेळलो, दोन्ही हरलो. गोल केला एक बी न्हाय आन खाल्ले पंधरा. गोलात मीच व्हते. त्यातले काही तर माझ्या तंगड्यांमधनं गेले, लपवत न्हाय. यंदा मला कॅप्टन केलंय. तुझं तोंड वाकडं झालेलं मला हितनं दिसतंय.

आपले आपा मेंढरांच्या बाजारात जनावर कसं बघतात, आधी पाय, मंग पाठ, मंग जबडा उघडून दात? मी बी आमच्या पोरी तशाच बघितल्या. दात तेवढं सोडलं.

पुढं ज्ञानदा. वडील देवळात पूजेला असतात, घरात बाकी सगळे मास्तर. बोलती अशी की रेडिओवर बातम्या लागल्यात. "प्रियंका, कृपया चेंडू जरा लवकर सोडत जा." पण पळती, दादा! वारं प्यालेल्या वासरागत पळती. मागं उजवीकडं लावण्या. भवानी पेठेत तिच्या घरी यंत्रमाग हायत, त्या खडखडाटात वाढली, म्हणून हळू बोलणं तिला म्हाईतच न्हाय. घरी तेलुगू, बाहेर "काय बे". डावीकडं मिसबाह. तिला काही बी सांग, आधी "नक्को" म्हणणार, मंग तेच करणार. त्यांच्या मधल्या दोघी नव्या हायत. उंच हायत, जरा भित्र्या हायत.

रोग एकच. ह्या मागच्या चौघी चार दिशेला. एक पुढं गेली की दुसरी मागं. वेणीमाधव सर बिचारे घसा फोडून "लाइन राखा, लाइन राखा" म्हणतात आन लावण्या मला विचारती, "काय राखायचं म्हणतात बे?" सर लई भला माणूस. तुझ्यानंतर आलेत, तुझ्या वेळचं त्यांना काही म्हाईत न्हाय.

सर म्हणतात, "यंदा सन्मानाने हरू." लावण्या म्हणती, कप आणतो. मी तोंडानं पहिली फेरी म्हणते. सामने सप्टेंबरात हायत. आमी एक युक्ती धरलीय, ती सांगत न्हाय. सांगितली तर तू चिडशील.

तुझी धाकटी (मानायचं नसलं तर नको मानू),
प्रियंका


८ ऑगस्ट

दादा,

उत्तर न्हाय. पण पत्र परत बी आलं न्हाय, म्हंजे तू घेतलंस.

सोबत राखी हाय. हाताला बांधायची नसली तर दुधाच्या टेम्पोच्या आरशाला बांध.

आता युक्ती सांगते, कारण पोटात राहिना. आधी ऑफसाइड. तुला सांगायला नको, पण हे पत्र तू आईला वाचून दाखवावंस अशी माझी विच्छा हाय, म्हणून आईसाठी लिहिते. आई, समोरच्या संघाची पोरगी आमच्या मागच्या चौघींना ओलांडून आधीच गोलाकडं जाऊन उभी राहिली आन मंग तिला चेंडू दिला, तर ते चालत न्हाय. शिट्टी वाजती. म्हणून चेंडू सुटायच्या आधी आमच्या चौघींनी एकदम पुढं पळायचं. ती पोरगी मागं एकटीच राहती आन फसती. पण चौघी म्हंजे चौघी. एक जरी रेंगाळली तर आमीच फसलो.

आन आमच्या चौघी कशा, ते तुला सांगितलंच. मी "पुढं!" म्हणून ओरडले की समोरच्या पोरींना बी कळायचं आन त्या आधीच सावध.

तर एक दिवस मुलांच्या संघाबरोबर सराव चालला व्हता. पोरं अंगावर आली. मला "पुढं" म्हणायचं व्हतं. तोंडातनं काय निघालं? "हुर्रर्रऽऽ!" आपली. आपा मेंढरांचा कळप पुढं काढताना करतात ती. दादा, चौघी एकदम उडाल्या पुढं! दचकून का असंना, पण एकदम. पोरगा ऑफसाइड. लावण्या म्हणाली, "काय झालं बे, साप निघाला का?" आन सर पळत आले, "आत्ता काय केलंस? पुन्हा कर."

मी केलं न्हाय. घसा दुखतोय म्हणलं. त्या दिवशी मला तूच आठवत व्हतास.

मला सगळं म्हाईत हाय, दादा. आईनं सांगितलं. तू ह्याच मैदानावर खेळायचास. सामन्यात तुमची पोरं पांगली आन तुझ्या तोंडातनं अशीच हाक गेली, आन कडंला बसलेल्यांनी "म्यॅऽऽ" केलं. मंग वर्गात म्यॅ, कॅन्टीनमधी म्यॅ, फळ्यावर मेंढराचं चित्र. तू आधी खेळ सोडलास आन मंग कॉलेज. घरी म्हणालास, शिकून काय करायचंय.

आन मला काय म्हणालास? "पोरीच्या जातीनं असलं खेळू नये." मला त्याचाच लई राग आला. तसल्या इचाराचा तू न्हाईसच. तुला हसले तसं मला हसतील, ह्याचं तुला भ्या व्हतं. सरळ सांगायचं की रं! त्यासाठी बोलणं टाकतात व्हय?

मी दुसऱ्या आठवड्यात सरांना सांगितलं, घसा बरा झाला. आता दोन हाका शिकवल्यात. "हुर्रर्र" म्हंजे पुढं. "ट्रीऽऽ" म्हंजे मागं, माझ्याजवळ या. तेलुगूवाली, दखनीवाली, बातम्यांवाली, सगळ्यींना सारखीच नवी, म्हणून भांडण न्हाय. सर वहीत लिहून घेतात आन घरी आरशापुढं म्हणून बघतात, असं त्यांच्या बायकोनं आमाला सांगितलं.

चिडलास का?

प्रियंका


५ सप्टेंबर

दादा,

आईला फोनवर सांगितलं की मैत्रीचा सामना आमी दोन-एकनं जिंकला. तिनं तुला सांगितलंच असंल. ते खरं हाय, पण सगळं न्हाय.

सामना शहरातल्याच एका कॉलेजाबरोबर व्हता, त्यांच्याच मैदानावर. पहिली हाक मारली आन कडंच्या पायऱ्यांवरनं "म्यॅऽऽ" आलं. दोन-चार पोरं व्हती. मंग धा झाली. मंग अख्खी पायरी.

तुला भ्या व्हतं तसंच झालं. पुढच्या वेळी चौघी माझ्या हाकेची वाट बघत उभ्या राहिल्या आन मी हाक मारलीच न्हाय. गोल बसला. खरं सांगते, त्या वक्ताला मला वाटलं की हातमोजे काढावं आन थेट माढ्याला यावं, तुला म्हणावं, तुझं बराबर व्हतं, मी चुकले.

तेवढ्यात बघते तर लावण्या जागा सोडून पायऱ्यांपाशी! कमरंवर हात. "काय बे, म्यॅ म्यॅ करतोस? एवढी हौस असली तर ये ना आत, कळपात घेतो तुला. चारा बी घालतो." पोरं खिदळली, पण आता त्या पोरालाच हसली. सरांनी तिला ओढून आणली. पंचांनी तंबी दिली. तिनं पंचांना बी "सॉरी बे" म्हणलं.

आन माझ्याजवळनं जाताना म्हणाली, "कॅप्टन, हाक मार. न्हाय मारलीस तर मीच मारते, आन मला ती नीट येत न्हाय."

मंग मारली. पोटातनं मारली, दादा, माळावर मारतात तशी. चौघी सुटल्या, त्यांची पोरगी मागं एकटी, झेंडा वर. आन झेंडा वर झाला तशी मिसबाह पायऱ्यांकडं तोंड करून सोताच ओरडली, "म्यॅऽऽ!" पुढच्या ऑफसाइडला चौघी ओरडल्या. त्याच्या पुढच्याला ज्ञानदा बी ओरडली, अगदी शुद्ध उच्चारात. पायऱ्या गपगार. त्यांचं हत्यारच आमी काढून घेतलं, आता ते काय करणार? ज्ञानदानं दोन गोल मारले. पोरींनी मला उचलायला बघितलं, पण मी आपल्या आईवर गेलेय, त्यांना झेपले न्हाय.

जिंकलो दादा. जल्मात पहिल्यांदा जिंकलो.

प्रियंका


२३ सप्टेंबर

दादा,

घाईत लिहितेय. पहिली फेरी काढली, दुसरी बी काढली. काल उपांत्य सामन्यात समोरच्या पोरी इतक्या वेळा ऑफसाइड झाल्या की लाइनमनचा हात दुखायला लागला असंल. "सन्मानाने हरू"वाले सर आता रोज शेंगाचटणी आन कडक भाकरी बांधून आणतात आन म्हणतात, खा, कप आणायचाय.

शनिवारी फायनल, विद्यापीठाच्या मैदानावर. समोर सांगोल्याकडचं कॉलेज हाय.

ये की. लांब उभा राहा, तोंड बांधून उभा राहा, पण ये. मला बरं वाटंल.

प्रियंका


२८ सप्टेंबर

दादा,

आला न्हाईस. मी सारखी कुंपणाकडं बघत व्हते, तेवढं सरांकडनं बोलणं खाल्लं. आता बसून वाच. उभ्यानं वाचायचं पत्र न्हाय हे.

सामना सुरू झाला. त्यांची धा नंबरची पोरगी, काटक, काळीसावळी, केस बांधलेले घट्ट. मी पहिली "हुर्रर्र" मारली. आमच्या चौघी पुढं सुटल्या. आन ती धा नंबर? आमच्या पोरींच्या बी आधी गर्रकन मागं वळली, चौघींच्या वळीत येऊन उभी राहिली आन चेंडू सुटल्यावर आरामात पुढं गेली. ऑफसाइड न्हाय, काही न्हाय. समोर मी एकटी. गोल.

मला वाटलं, नशीब. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. ह्या खेपंला चेंडू कसाबसा पायानं काढला. ती पोरगी हसत माझ्याजवळ आली आन इचारती कशी, "कुठल्या वस्तीची गं तू? आमच्याकडं हुर्रर्र जरा लांबडी करतात."

दादा, माझ्या डोक्यात तवा उजेड पडला. काय म्हणावं माझ्या अकलेला! शहरातल्या कॉलेजांना कळू नये म्हणून काढलेली युक्ती, आन मी ती मेंढरांमागं वाढलेल्या पोरींम्होरं बोंबलून सांगत व्हते. एकटी तीच न्हाय, तिच्या संघात चार-पाच जणी आपल्यातल्याच. आपा म्हणतात ना, लांडग्याला वाट इचारावी, तसलं. सांगोल्याकडचं कॉलेज म्हणल्यावर हे पयल्यांदा माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं. मी शेंगाचटणी खात बसले.

हाफ टाइमला एक-शून्य. सर म्हणाले, "हाका बंद. साधं खेळू." पोरींची तोंडं उतरली. हाकेबिगर कसं हलायचं ते त्या पार इसरल्या व्हत्या. मी तर रडायच्या घाईला आले व्हते. तर ज्ञानदा पाण्याची बाटली खाली ठेवून म्हणती, "प्रियंका, तिला तुझी हाक कळते ना? मग हाक तिच्यासाठीच मार. आम्ही बरोबर उलटं करू."

मी म्हणलं, "उलटं? अगं, मेंढरं उलटी चालत न्हाईत."

लावण्या म्हणाली, "आमी मेंढरं न्हाय बे."

झालं. ठरलं.

पहिल्यांदा "ट्रीऽऽ" मारली, म्हंजे आता पुढं पळायचं. तिघी पुढं पळाल्या आन लावण्या, सवयीनं, थेट माझ्या पायाशी! तिच्यामुळं धा नंबर ऑफसाइडमधनं वाचली आन असा फटका हाणला की चेंडू माझ्या तोंडावर. नाकातनं रक्त. पण गोल न्हाय झाला. मी ओरडले, "लावण्ये, मेंढरू न्हाईस म्हणालीस ना!" अख्खं मैदान हसलं. ती बी हसली, मी बी हसले, रक्त पुसत.

दुसऱ्या वेळी मारली "ट्रीऽऽ", आन चौघी एकदम पुढं. धा नंबर आमी मागं येणार म्हणून गोलापाशी वाट बघत उभी. झेंडा वर! पुन्हा मारली. झेंडा वर! मंग मी मधीच खरी मारायला लागले, मधीच खोटी. आमच्या पोरी आधी वळून बघायच्या, मी बोटांनी खूण करायची. धा नंबर बिचारी "हुर्रर्र"ला बी थांबायची आन "ट्रीऽऽ"ला बी थांबायची. त्यांची कॅप्टन पंचांकडं गेली. पंच माझ्याकडं आले, "काय ओरडतेस तू?" म्हणलं, "सर, मेंढरं हाकतेय, माझ्या संघाला." त्यांनी जरा इचार केला आन म्हणाले, "नियमात मेंढरांबद्दल काही नाही. चालू ठेवा."

ज्ञानदानं एक फेडला. एक-एक. शेवटाला शेवटाला मिसबाहनं लांब चेंडू टाकला. ज्ञानदा पळतीय, त्यांच्या दोघी आडव्या. मी हिकडं माझ्या गोलातनं देवाचं नाव घेतलं आन जिवाच्या आकांतानं वळायची हाक मारली, "छ्यॉऽऽ छ्यॉऽऽ!" आन दादा, त्या दोघी वळल्या! क्षणभरच. त्यांना सोताला बी कळलं न्हाय. लहानपणापासनं हाडात बसलेलं असतं ते, पाय ऐकतात, डोकं मागनं येतं. ज्ञानदा मधनं गेली. गोऽऽल!

दोन-एक. कप आपला!

मंग काय सांगू! आमचं अख्खं कॉलेज "हुर्रर्रऽऽ" करत मैदानात. पोरं, मास्तर, ऑफिसातले क्लार्क, प्राचार्य सुदीक. सर लेकरागत रडत व्हते. धा नंबर माझ्याकडं आली, तिचं नाव मायाक्का, गळ्यात पडली आन म्हणाली, "आपल्याच हाकंनं आपल्याला मारलंस गं बाई." पुढच्या साली तिनं बदला घ्यायचा ठरवलाय.

पेपरवाल्यानं इचारलं, हे कुणाकडनं शिकलीस? मी म्हणलं, माझा भाऊ बिभीषण बिरप्पा कोळेकर, ह्याच कॉलेजकडनं खेळायचा, ही हाक मैदानात पहिल्यांदा त्यानं आणली. आज छापून आलंय. कात्रण सोबत हाय. नाव नीट छापलंय, मी तीनदा सांगितलं व्हतं.

प्रियंका


६ ऑक्टोबर

दादा,

काल फोन वाजला, तुझं नाव दिसलं, आन मला वाटलं घरी कुणाचं काय झालं. उचलला. इतक्या महिन्यांनी बहिणीशी बोललास आन पहिलं वाक्य काय? "छ्यॉ छ्यॉ शेरडांना करतात, मेंढरांना न्हाय. एवढं बी इसरलीस?"

मी हसत बी व्हते आन रडत बी व्हते, म्हणून नीट बोलता आलं न्हाय. तू म्हणालास, नाक बरं हाय का. म्हणलं, बरं हाय. मंग तू म्हणालास, कात्रण मालकानं टेम्पोच्या काचंवर चिकटवलंय.

जे फोनवर राहिलं ते लिहिते. खरा हंगाम आता सुरू हुतोय. विद्यापीठाच्या संघात आमच्या कॉलेजच्या चौघी घेतल्यात, ज्ञानदा, लावण्या, मिसबाह आन मी. आन मायाक्का बी हाय, आता आमच्याच बाजूनं! पुढं बाकीच्या विद्यापीठांशी गाठ. तितं कुणालाच आपली हाक कळत न्हाय. लावण्या आत्तापासनंच विचारतीय, कप एस्टीत कसा न्यायचा. संघाचं शिबिर आपल्याच मैदानावर हाय. सर म्हणाले, तुझ्या भावाला बोलव, मागच्या फळीला हाका नीट शिकवायच्यात, मी आरशापुढं कितीदा म्हणून बघितलं, मला जमत न्हाय.

मी तुला हे सांगितलं तवा तू "बघू" म्हणालास. तुझं "बघू" म्हंजे व्हय असतं.

फक्त मैदानाच्या फाटकापाशी आलास की तुझं पाय थांबतील, ते मला म्हाईत हाय. थांबू देऊ नको. तवा ती पोरं हसली आन तुझ्या बाजूनं एक माणूस उभं राहिलं न्हाय, तू एकटा चालत बाहेर गेलास. ते आईनं सांगितल्यापासनं माझ्या काळजात रुतलंय. रविवारी सकाळी ये. आमी कॉलेजच्या अकराच्या अकराजणी फाटकावर उभ्या असू, तुला आत न्यायला.

तुझी,
प्रियंका